पाणी धरणारी जमीन, पाणी पिणारी जमीन

"नाना, सातपुड्याचं एवढं पाणी तापीत निघून जातं, मग आपल्या नाल्यावर साठवण तलाव का होत नाही?" मागच्या महिन्यात पुतण्याने फोनवर अगदी तावातावाने विचारलं. यावल तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी त्याची केळी आहे. दर उन्हाळ्यात बोअर आणखी खाली जाते. तलावात स्वतःची दोन एकर गेली तरी चालेल, असं तो म्हणतो. केळीवाला जमीन सोडायला तयार होतो म्हणजे काय, ते आमच्याकडच्या मंडळींना वेगळं सांगायला नको.

मी शाळेत वर्षानुवर्षं भूगोल शिकवला, म्हणून जागेची पाहणी होती त्या दिवशी मलाही घेऊन गेला. नाल्याच्या दोन्ही काठांवर चाचणीचे खड्डे खणले होते. वर हातभर माती, आणि खाली नुसते गोल गुळगुळीत धोंडे, गोटे, वाळू. एका खड्ड्यात दोन पिंपं पाणी ओतलं. चहा होईपर्यंत खड्डा कोरडा! गावकऱ्यांची तोंडं उतरली.

हे असं का, ते नकाशा पाहिला की कळतं. सातपुड्याच्या पायथ्याने जमिनीत मोठा भ्रंश आहे. डोंगर वर राहिला, तापीकडची बाजू खाली गेली आणि ती खोल जागा गाळाने भरत आली. डोंगरातून सुटलेल्या ओढ्यांनी धोंडे पायथ्याशीच टाकले, बारीक गाळ पुढे नेला. चोपडा, यावल, रावेरच्या या धोंड्यांच्या पट्ट्याला बझाडा म्हणतात. मातीच्या धरणाला मधोमध काळ्या मातीचा गाभा लागतो आणि तो खाली पाणी न सोडणाऱ्या थरापर्यंत खंदकात उतरवावा लागतो. इथे तो थर गाठायचा कुठे? गाळ शेकडो मीटर खोल आहे.

धुळ्याकडे गोष्ट वेगळी. तिथे थोडं खणलं की काळा पाषाण लागतो. साक्रीकडे बसने जाताना माळरानावर दगडी भिंतींसारख्या लांबच लांब रांगा दिसतात ना, ते डाईक. जुन्या भेगांत लाव्हा घुसून गोठलेला. पांझरेवरचे फड पद्धतीचे बंधारे कित्येक पिढ्या टिकले, त्यात पायाखालच्या खडकाचा वाटा मोठा. पण खडक दिसला म्हणजे काम झालं असंही नाही हं! तो भेगाळलेला असेल तर तिथूनच गळती. म्हणून भोकं पाडून दगडाच्या कांड्या काढतात, लाकडी पेट्यांत ओळीने मांडतात, भोकात दाबाने पाणी सोडून किती झिरपतं ते मोजतात. अख्खी कांडी निघाली तर बरं, चुरा निघाला तर काळजी.

असो. पुतण्याला म्हटलं, अरे, तुझी जमीन साठवणाला नापास, पण पाझराला पहिल्या नंबराने पास! पुराचं पाणी अडवून इथे मुरवायचं. तापी मेगा रिचार्जचा विचारही हाच आहे. 10 मे 2025 ला भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशचा त्यावर करार झाला. 31.13 टीएमसी पाणी वापरायचं, आणि त्यात मोठ्या धरणाऐवजी कालव्यांनी पाणी नेऊन पायथ्याच्या याच पट्ट्यात जिरवण्यावर भर.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "नाना, जमीन माझी जाईल, पण मुरलेलं पाणी माझ्याच बोअरला येईल कशावरून?"

प्रश्न खरा आहे. साठवण तलावाचं पाणी डोळ्यांना दिसतं, त्याच्या पाळ्या लावता येतात. मुरलेलं पाणी उताराने तापीकडे सरकतं, खालच्या गावाच्या विहिरीत निघतं, आणि ज्याची बोअर खोल तो जास्त ओढतो. मला वाटतं, ठराव बदलून पाझर तलावाचा करावा, पण खालची दोन गावंही त्यात घ्यावीत आणि ज्याची जमीन जाते त्याला भरपाई त्या सगळ्यांनी मिळून द्यावी. पुतण्याला हे निम्मंच पटलंय. ग्रामसभा पुढच्या आठवड्यात आहे, आणि त्याने मला नकाशा घेऊन यायला सांगितलंय.