अठरा तास कुणासाठी?

दरवर्षी जयंतीला आम्ही कल्याण पूर्वेच्या विहारात सलग अठरा तास वाचनाचा उपक्रम घेतो. यंदा आमच्या अभ्यासवर्गातला एक मुलगा आला नाही. तो ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. घरातला पहिला इंजिनिअर, वडील सफाई कामगार.

नंतर एका रात्री तो कल्याण स्टेशनवर भेटला. साडेअकरा वाजून गेले होते, तो तेव्हा कामावरून परतत होता. रविवारीसुद्धा लॅपटॉप बंद नसतो. 14 एप्रिलची रजा मागितली, तर मॅनेजर सगळ्यांसमोर हसून म्हणाला, "तुमचे बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे ना? मग तुला बारा तास जड का जातात?"

तो गप्प बसला. ऐकून आम्हीही गप्प झालो. कारण अठरा तासांचे कौतुक त्याला आम्हीच शिकवले होते. पुढचे अर्धे सांगायचे राहिले होते.

ते आता सांगतो. बाबासाहेबांनी स्वतः अपार कष्ट उपसले, ते समाजाच्या मुक्तीसाठी आणि स्वतःच्या निर्धाराने. पण दुसऱ्याच्या श्रमाचे तास ठरवण्याचा अधिकार हाती आला, तेव्हा त्यांनी ते कमी केले. 1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. 1946 च्या कारखाने कायद्यातील दुरुस्तीने आठवड्याचे 54 तास 48 वर आले. आणि रविवार? ठाण्यात जन्मलेले सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे 10 जून 1890 पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवार ही कुणा मॅनेजरची मेहेरबानी नाही!

महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आयटी कंपन्यांनाही लागू आहे. आठवड्याला 48 तास, जादा कामाला दुप्पट वेतन. मात्र व्यवस्थापकीय व पर्यवेक्षकीय पदे त्यातून वगळलेली आहेत. म्हणून पगार तोच ठेवून 'लीड' हे बिरुद चिकटवले, तर हुरळून जाऊ नका. वाद झाला तर पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय करता, हे महत्त्वाचे ठरते. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा 9 वरून 10 तास करण्यास मंजुरी दिली. म्हणजे वारे कुठल्या दिशेने वाहते आहे, ते ओळखा.

कुणी म्हणेल, भरडले तर सगळेच जातात, यात जात कुठे आली? सगळे भरडले जातात, हे खरेच. पण खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, तरी 'मेरिट'चा टोमणा आमच्या मुलांच्या मागे तिथेही येतो. मग 'नाही' म्हटले तर नालायक ठरू, या भीतीने मूल मुकाट राबते. त्याच्या पगारावर घरातली पाच माणसे जगतात, हे मॅनेजरला पक्के ठाऊक असते.

म्हणून मित्रांनो, नियुक्तिपत्र नीट वाचा. रात्री-अपरात्री आलेले मेसेज आणि कामाचे तास तारीखवार नोंदवून ठेवा. शेजारच्या टेबलावरचा सहकारी कुठल्याही जातीचा असो, त्याच्याशी बोला. संघटित व्हा, हा आदेश वस्तीपुरता नव्हता, ऑफिसलाही तोच लागू आहे.

पुढच्या जयंतीला आमच्या वाचनाची सुरुवात 1946 च्या त्या कायद्याने होईल. आणि त्या मुलाला रजा मिळावी, यासाठी अर्ज लिहायला आम्ही सोबत बसू.

जय भीम!