कापायचं ते कुठे?

आमची डिचोलीची आते बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, व्हेंटिलेटरवर गेली, तेव्हा पेडण्याहून धावलेल्यांत सर्वांत शिकलेला मीच, म्हणजे बी. कॉम. डॉक्टरांशी बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आजार सीओपीडी, श्वासनळ्या कायमच्या आखडणं. आतेने जन्मात विडी ओढली नव्हती. चुलीपुढे आणि काजूच्या मोसमात भट्टीपुढे लाकडं सारण्यात तिचा जन्म गेला. "फुप्फुसाला धूर तो धूर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी खिशातलं सिगारेटचं पाकीट आणखी खाली दाबलं.

मशीन हवा ढकलतंय, म्हणजे हवा आत शिरत नसणार, असा माझा हिशेब. निघालं उलटंच. शिरलेली हवा बाहेर पडत नाही. छाती गच्च भरलेली. पेडणे-म्हापसा बसमध्ये कुणी उतरतच नाही नि प्रत्येक थांब्यावर माणसं चढताहेत, तशी गत.

रात्री मोबाईलवर मला उपाय सापडला: फुप्फुसाचा वीस-तीस टक्के निकामी भाग कापून टाकायचा! 1950 च्या दशकात ऑटो ब्रँटिगन या अमेरिकन सर्जनने हे केलं, पण ते मागे पडलं. 1990 च्या दशकात जोएल कूपरने पुन्हा आणलं. कापल्यावर उरलेल्या भागाला जागा मिळते, दबून सपाट झालेलं श्वासपटल पुन्हा वर उचललं जातं. सकाळी हे सगळं मी डॉक्टरीणबाईंना समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तेच जास्त लागलं.

"कापायचं ते कुठे?" त्यांनी विचारलं. अमेरिकेत 1218 रुग्णांवर मोठी चाचणी झाली, निकाल 2003 साली आला. वरचा भाग जास्त झिजलेला आणि चालण्याची ताकद कमी, अशांना खरा फायदा झाला. फुप्फुसाची क्षमता अगदीच खालावलेली आणि आजार सगळीकडे सारखा पसरलेला, असे उलट जास्त दगावले. चुलीच्या धुराने बहुधा नळ्याच बिघडतात. आतेच्या सीटी स्कॅनमध्ये वेगळा काढण्याजोगा तुकडाच नव्हता. शिवाय व्हेंटिलेटरवरच्या माणसाला या ऑपरेशनला सहसा घेतच नाहीत. "मग फुप्फुसच बदला," मी म्हणालो. त्यांनी आतेचं वय विचारलं. मी बहात्तर म्हटल्यावर त्यांनी पुढचा कागद घेतला.

तो कागद ट्रॅकिओस्टॉमीच्या संमतीचा होता: गळ्याला भोक पाडून श्वासनळीत नळी. फुप्फुसाला कुणी हातही लावणार नव्हतं. पण तोंडातली नळी गेली, गुंगीचं औषध उतरलं, कफ ओढणं सोपं झालं, आणि मशीन रोज थोडा थोडा वेळ काढून बघू लागले. हवा गळ्यातूनच ये-जा करते, स्वरयंत्रापर्यंत पोचत नाही. त्यामुळे आते नुसते ओठ हलवायची. मी तिच्या कानाशी वाकून मोठ्याने ओरडायचो.

"त्यांना ऐकू येतं हो," नर्स म्हणाली.