आपल्या इंजिनाच्या गावाहून

यॉर्क, शनिवार रात्र

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

आज 'मॅलार्ड' इंजिन पाहिलं. रेल्वे संग्रहालयाच्या मोठ्या दालनात शिरले आणि बराच वेळ लांबच उभी राहिले. जवळ जायचा धीरच होईना. 3 जुलै 1938, स्टोक बँकचा उतार, ताशी 126 मैल, ड्रायव्हर जो डडिंग्टन, फायरमन टॉमी ब्रे. हे सगळं तुमच्या तोंडून ऐकत मी मोठी झाले. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

तुम्ही न सांगितलेली एक गोष्ट मात्र सांगते. या इंजिनाला तीन सिलिंडर. मधल्याचा दांडा जिथे आसाला जोडलेला असतो ते बेअरिंग चाकांच्या आत दडलेलं, चालत्या गाडीत ड्रायव्हरला दिसणं शक्य नाही. म्हणून तिथे बडीशेपेसारख्या उग्र वासाची एक कुपी बसवलेली असे. बेअरिंग तापलं की वास सुटायचा, आणि ड्रायव्हरनं समजून घ्यायचं. विक्रमाच्या दिवशी नेमकं तेच बेअरिंग गेलं आणि गाडी कशीबशी पीटरबरोपर्यंत आली. एवढ्या मोठ्या यंत्राची दुखापत नाकानं ओळखायची! मला ते फार आवडलं.

दुपारी एका हॉलमध्ये जुन्या मॉडेल गाड्यांचा बाजार भरला होता. टेबलांवर खोकीच खोकी. मूळ खोकं शाबूत असेल तर किंमत कितीतरी चढते, आणि कधीच न चालवलेलं इंजिन असेल तर विचारूच नका. तुमची आठवण झाली. आजोबांनी मुंबईत घेतलेलं आपलं 'हॉर्नबी डब्लो'चं काळं टँक इंजिन तुम्ही दसऱ्याला कपाटातून काढता, हळदकुंकू वाहता, आणि पुन्हा निळ्या खोक्यात ठेवून देता. आम्हा भावंडांना हात लावायची बंदी.

पण एका म्हाताऱ्या विक्रेत्यानं मला टेबलाखालचा डबा उघडून दाखवला. आत युद्धापूर्वीचं एक इंजिन. जस्ताच्या ओतकामात तेव्हा शिसं वगैरे मिसळलं जायचं. अशा ओतकामाला कित्येक वर्षांनी आतून तडे जातात, ते फुगतं, मग भुगा होतो. त्यांनी बोटाच्या टोकानं नुसतं टेकवलं, तर सांगाड्याचा कोपरा बिस्किटासारखा सुटला. खोकं कोरं करकरीत होतं, बाबा.

आपलं युद्धानंतरचं आहे, त्यामुळे ही भीती जवळजवळ नाही. तरी ते काय म्हणाले ते पुढच्या एखाद्या पत्रात.

हॉवर्थ, सोमवार

काल आणि आज कीथली ते ऑक्सनहोप या पाच मैलांच्या लाइनवर होते. सरकारनं बंद केलेली ही लाइन गावकऱ्यांनी आणि रेल्वेप्रेमींनी संस्था काढून विकत घेतली आणि 1968 च्या जूनमध्ये पुन्हा सुरू केली. त्याच वर्षी 11 ऑगस्टला ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची वाफेची शेवटची गाडी धावली. तिकडे विझत असताना इकडे पेटवलं!

पहाटे शेडमध्ये जाऊ दिलं. थंड बॉयलरला वाफ धरायला कित्येक तास लागतात, म्हणून अंधारातच जाळ घालतात. एक निवृत्त शिक्षिका रॉकेलच्या बोळ्यानं चाकं पुसत होत्या. ड्रायव्हर लांब चोचीची तेलाची झारी घेऊन दांड्यांखाली वाकला होता. तेलाच्या प्रत्येक भोकाला बूच, साधं बाटलीचं असतं तसं. बूच काढायचं, तेल सोडायचं, बूच दाबायचं, पुढचं भोक. एकही चुकवून चालत नाही. मी मागे मागे फिरत मोजायला लागले आणि मध्येच विसरले.

बॉयलरचा परवाना साधारण दहा वर्षांचा असतो. तो संपला की इंजिन पार उघडायचं, नळ्या काढायच्या, झिजलेलं बदलायचं. मग ते जुनंच का म्हणायचं, असं मी विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, धावतं ते जुनं. मला ते पटलं. मॅलार्डसारखं एखादं मूळ रूपात उभं राहायलाच हवं, नाहीतर पुढच्यांनी ताडून कशाशी पाहायचं? पण सगळीच उभी राहिली तर बूच कोणत्या क्रमानं काढायचं हे सांगणारा माणूस उरणार नाही.

धावणारी अशी इंजिनं वाचली कशी तेही सांगते. वेल्समध्ये बॅरीला डाय वुडहॅम नावाचा भंगारवाला होता. त्यानं 297 इंजिनं मोडीत घेतली. पण आधी वॅगन तोडणं सोपं, म्हणून इंजिनं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं गंजत राहिली. लोकांनी वर्गणी काढून त्यातली 213 सोडवून नेली. गंजलेली, अर्धे सुटे भाग चोरीला गेलेली. त्यातली कितीतरी आज धावतात.

लिव्हरपूल, बुधवार

मँचेस्टरहून येताना न्यूटन-ले-विलोज लागलं. 1853 साली बोरीबंदर-ठाणे धावलेली पहिली इंजिनं इथल्या व्हल्कन फाउंड्रीची. कारखाना आता नाही, तरी खिडकीशी उभी राहिले. आपलं इंजिन मात्र इथलं, लिव्हरपूलचं: फ्रँक हॉर्नबीचा बिन्स रोडचा कारखाना 1979 मध्ये बंद झाला.

तर त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा निरोप. आपलं मॉडेल ज्या एन-2 जातीच्या इंजिनावरून केलंय, ती मॅलार्ड घडवणाऱ्या नायजेल ग्रेझलींचीच. 107 बांधली होती, आज एकच शिल्लक आहे. मॉडेलमधलं वंगण सुकून डिंकासारखं झालं असेल, ते पुसून काढावं लागेल. चुंबकाचा जोर कमी झाला असेल, पण तो पुन्हा चढवून मिळतो. मात्र मोटरचं आर्मेचर बाहेर काढलं तर चुंबक आणखी ढिला पडतो.

मी तेलाची छोटी कुपी आणि बारीक ब्रश घेतलाय. तुम्ही माळ्यावरचे तीन पट्ट्यांचे रूळ खाली काढून पुसून ठेवा, गंज असेल तर पॉलिश पेपर लावू नका. आणि मी येईपर्यंत आर्मेचरला हात लावू नका.

तुमची धाकटी