पक्ष दुसरा, दिवस तेरावा

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय लटकतं. दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, थोरलीच्या शाळेतून आलेली ‘उद्या पिवळा ड्रेस’ छापाची फर्मानं आणि धाकट्याने जेलपेनने काढलेले जेसीबी हे सगळं त्याच्यावर नांदतं. महिना संपला की पान उलटायचं, एवढाच त्याचा आमचा संबंध. हप्ते, पगार, विजेचं बिल यांना महिने लागतात. सात आणि चार वर्षांची दोन पोरं ज्या घरात आहेत, तिथलं वर्ष महिन्यांना जुमानत नाही.

त्या वर्षाचं खरं कॅलेंडर पांडवलेणीवर आहे. आम्ही नाशकात पाथर्डी फाट्याजवळ राहतो, त्यामुळे लेणी ही आमच्यासाठी रविवारी सकाळी मुलांना दमवून आणायची जागा. (दमतो आम्हीच. पोरं पायऱ्या उतरल्यावर खाली आणखी पळतात.) वर तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, व्हरांड्याच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई, आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावीची आजी. लेखाच्या सुरुवातीलाच तारीख आहे : पुळुमावीच्या राज्याचं १९ वं वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, दिवस तेरावा. महिन्याचा पत्ताच नाही. सातवाहनांच्या या कालगणनेत ग्रीष्म, वर्षा, हेमंत असे तीनच ऋतू, आणि एकेका ऋतूचे पंधरवड्यांचे आठ पक्ष. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या एका लेखावर वर्षा ऋतूचा चौथा पक्ष आहे, दिवस पाचवा.

मला ही पद्धत फार सोयीची वाटते. वर्षा, पक्ष पहिला : नवं दप्तर, वह्यांना खाकी कव्हरं, गेटवर रडारड. पक्ष दुसरा : एक मोजा हरवतो. पक्ष तिसरा : धाकटा खोकतो. पक्ष चौथा : थोरली खोकते, आणि हरवलेला मोजा सापडतो तेव्हा दुसरा हरवलेला असतो.

बलश्रीचा लेख मी एकदा आईला मराठीत सांगितला. मुलाने कोणकोणते राजे नमवले, क्षहरात घराण्याचा कसा निःपात केला, त्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी कसे प्यायले, त्याचा चेहरा उमललेल्या कमळासारखा कसा होता, सगळं तिने कोरून घेतलंय. आणि या सगळ्या पराक्रमांच्या मध्येच, आईची सेवा करण्यात त्याने कधी खंड पडू दिला नाही, असंही आहे. लेख कोरला तेव्हा तो हयात नव्हता, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आई ऐकत ऐकत मेथी निवडत होती. म्हणाली, “शहाणी होती. लिहूनच घेतलं तिने.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “जुडी चाळीसला दिली त्याने. तू गेला असतास तर साठ देऊन आला असतास.”

पावसाळा म्हणजे लहान मुलांच्या घरात मुख्यतः कपडे. बाहेर हिरवे डोंगर, सोमेश्वरचा धबधबा वगैरे असतोच, पण तो ज्यांच्याकडे युनिफॉर्मचे तीन-तीन जोड आहेत त्यांच्यासाठी. आमच्या हॉलमध्ये जून ते सप्टेंबर दोऱ्या असतात, आणि पाहुण्यांना वाकून सोफ्यापर्यंत यावं लागतं. सकाळी सव्वासहाला बायको ओलसर पिनाफोरवर इस्त्री फिरवते, वाफ निघते, कुबट वास सुटतो, आणि पट्टा तरीही ओलाच राहतो. थोरली तो घालताना पोट आत घेते.

याची तजवीज दोन हजार वर्षांपूर्वी एकाने करून ठेवली होती. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (संघांकडे) कायमचे ठेवले. गोवर्धन नावाचं गाव गंगापूर रस्त्याला आजही आहे. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातल्या २००० वर दरमहा शेकडा एक. वर्षाचे होतात २४०. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळाभर, राहणाऱ्या २० भिक्षूंना त्यातून प्रत्येकी १२ कार्षापण, वस्त्रासाठी. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब काट्यावर जुळतो. ज्याने हा आकडा काढला त्याने पावसाळ्यात ओलं वस्त्र अंगावर वाळवलेलं असणार किंवा वाळवणाऱ्याला जवळून पाहिलेलं असणार. तिथेच जवळ आणखी एक लेख आहे, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला, विष्णुदत्ता नावाच्या बाईचा. तिने कुंभार, तेली अशा श्रेणींकडे पैसे ठेवले, आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी. म्हणजे एकाने कपडे पाहिले, एकीने औषध. लढायांचे लेख ज्यांना वाचायचेत त्यांनी वाचावेत. आमच्या घराचं ऑगस्टचं बजेट या दोन लेखांत मावतं.

औषधांच्या बाटल्या आमच्याकडे खिडकीत असतात. कुठली सकाळी पाच मिली आणि कुठली रात्री अडीच, हे बायकोला पाठ आहे आणि मला नाही. आईची पद्धत वेगळी. ती जुन्या धोतराच्या तुकड्यात ओवा बांधते, तवा तापवते, पुरचुंडी तव्यावर टेकवते, आधी स्वतःच्या गालाला लावून बघते आणि मग धाकट्याच्या छातीला. तो डोळे मिटून पडून राहतो आणि मध्येच विचारतो, “आजी, मारुतीला किती पाणी?”

हा प्रश्न नाशकातच विचारला जातो. गोदाघाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की किती क्युसेक सोडलं हे बातम्यांत येतं, पण क्युसेक म्हणजे किती हे आमच्यापैकी कुणालाच डोळ्यांसमोर येत नाही. मारुती येतो. पायाशी पाणी, गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी. छातीला लागलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला घेतात, आणि जुने लोक १९६९ च्या पुराच्या गोष्टी काढतात. नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी पोचतं का, याची चर्चा त्याच्यापुढची. आईचं माहेर भद्रकालीतलं. तिच्या लहानपणी पूर बघायला जाणं हा सणच होता, शाळेला न मिळालेली सुट्टी पोरं गंगेवर घ्यायची. नदीला गोदावरी ती अजूनही म्हणत नाही, गंगाच म्हणते.

धाकट्याला हे मोजमाप त्याच्या परीने समजलंय. गेल्या श्रावणात टीव्हीवर सांगितलं की पाणी मारुतीच्या छातीपर्यंत आलं. त्याने बनियन वर केला, स्वतःच्या छातीवर आडवा हात ठेवला, खाली जमिनीकडे पाहिलं आणि जाहीर केलं, “एवढंच? मग बाबा, आपण जाऊ शकतो.” मारुती मोठा आहे हे त्याला पटवायला शेवटी घाटावर न्यावं लागलं, पाणी उतरल्यावर. मान मागे टाकून त्याने मूर्ती पाहिली. मग मागच्या बाजूला गेला, तिथलंही तोंड पाहिलं. “ह्याला दोन्हीकडून खोकला होत असेल,” म्हणाला.

हेमंताची सुरुवात आमच्याकडे स्वेटरच्या भांडणाने होते आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सगळ्या घरांत तेच भांडण. फरक एवढाच की इथे थंडीलाही गाव आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात येतो, ‘निफाडचा पारा’ म्हणून, आणि इंदिरानगरमध्ये राहणारी माणसंही तो वाचून मफलर गुंडाळतात. मुलांच्या मामाची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. पारा फार उतरला की मणी तडकतात, म्हणून मामा पहाटे बांधाबांधाला शेकोट्या पेटवतो. मुलांना त्या शेकोट्यांचं फार अप्रूप. मामाला त्या रात्री झोप नसते, हे त्यांना अजून कळायचंय.

संक्रांत ते रथसप्तमी बोरन्हाण. धाकट्याचं यंदा शेवटचं, आईच्या शास्त्राप्रमाणे पाचाच्या आत. काळा झबला, हलव्याचा मुकुट, हलव्याची बासरी. हलव्याचे दागिने दोऱ्यात गुंफलेले असतात आणि त्यांची टोकं मानेला बोचतात. फोटोत जे गोंडस दिसतं ते प्रत्यक्षात मान खाजवणारं मूल असतं. पाटावर बसवून ओवाळलं, आणि त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, तिळाच्या रेवड्या ओतल्या. वर्षाचा असताना पहिलं बोर डोक्यावर पडताच त्याने आकांत केला होता. यंदा त्याने वर बघून तोंड उघडलं. सोसायटीतली पोरं भोवती वाकून बसलेली होती, ओतलं की झडप. चॉकलेटंही होती त्यात. त्यावरून आमच्या आत्याने नाक मुरडलं. मला विचाराल तर पोरं चॉकलेटांवर तुटून पडतात आणि बोरं गालिच्याखाली जातात, तेव्हा बोरांनाच धरून राहायचं असेल तर आधी चांगली बोरं आणावीत. हल्ली सफरचंदाएवढी येतात, आणि चवीला पाणी. मेहरूणची आंबटगोड बोरं मुठीत मावतात, डोक्याला लागतही नाहीत.

हेमंत सरता सरता आणि ग्रीष्म लागता लागता एक पक्ष असा असतो की त्याला बलश्रीच्या गणनेतही नाव नसेल. द्राक्षं काढणीला आलेली आणि आभाळ आलेलं. अशाच एका संध्याकाळी आमच्याकडे गारा पडल्या. गॅलरीच्या पत्र्यावर ताडताड आवाज, आणि दोघं वाट्या घेऊन गच्चीत. थोरलीने फ्रॉकच्या ओच्यात भरून आणल्या. धाकट्याने त्यातली सर्वांत मोठी निवडली, प्लास्टिकच्या डबीत घातली आणि फ्रिजरमध्ये ठेवली, मामाला दाखवायला. तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. ती नुसती “हं… हं…” करत होती. मग फोन ठेवून मुलांना म्हणाली, “आता आत या.” आवाज नेहमीचाच होता, पण दोघं ताबडतोब आत आली.

मामा त्यानंतरच्या आठवड्यात कामाला नाशकात आला. जेवायला बसला. धाकट्याने डबी आणून पुढे ठेवली. बायकोने त्याला दटावायला तोंड उघडलं होतं, पण मामाने डबी उघडली, गार हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. “मोठीच आहे रे,” म्हणाला. “आमच्याकडे याच्यापेक्षा बारीक पडल्या.” मग हात पुसून त्याने आमटी वाढून घेतली.

ग्रीष्म हा मुलांचा खरा ऋतू. धुलिवंदनाला इथे वीर निघतात. ज्यांच्या घरी प्रथा आहे ते देवघरातले टाक घेऊन, लहान मुलांना कृष्ण-राम बनवून, वाजतगाजत रामकुंडावर नेतात. रंग खेळायचा तो रंगपंचमीला, आणि तोही रहाडीत. तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट लेन, या जुन्या गावातल्या चौकांत पेशवाईपासूनचे दगडी हौद आहेत. वर्षभर ते माती टाकून बुजवलेले, वरून रिक्षा आणि दुचाक्या जातात. पंचमीच्या आधी ते उकरतात, साफ करतात, पूजा करतात आणि उकळलेला फुला-पानांचा रंग ओततात. मग त्यात उड्या. थोरलीला हौद बघायचा नव्हता, त्यात पडायचं होतं. आजीने निकाल दिला, “पोहायला येईल तेव्हा.” त्या संध्याकाळी थोरलीने पोहण्याच्या क्लासचं पत्रक कुठून तरी पैदा केलं आणि कालनिर्णयला पिनेने टोचून ठेवलं.

मग परीक्षा, मग गच्ची. नागलीच्या पापडांच्या दिवशी आई पहाटे पीठ उकडते. पितळी परातीत गरम पीठ, त्यात तेलाचा हात, जिऱ्याचा वास. लाट्या करून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवते, आणि लाटायला बसेस्तोवर फडकं अर्धं सपाट झालेलं असतं. तेल लावलेली गरम लाटी मुलं अख्खी तोंडात टाकतात. तीच नागली जानेवारीत भाकरीच्या रूपाने ताटात आली की “काळी भाकरी नको” म्हणून हटून बसतात. आई यावर काही बोलत नाही, फक्त लाट्या मोजून चार जास्तीच्या करते.

मेच्या शेवटी हरसूल, पेठकडच्या बाया करवंदं घेऊन शहरात येतात, पानांचे द्रोण करून. आईने मुलांना खेळ शिकवला. करवंद चावायच्या आधी ओरडायचं, कोंबडा की कोंबडी? आतून लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. फाट्यावर एका मावशीच्या पाटीसमोरच दोघं उकिडवी बसून खेळायला लागली. बोटं चिकाने चिकटलेली, हनुवट्या जांभळ्या. धाकटा दरवेळी कोंबडाच म्हणतो, त्यामुळे अर्ध्या वेळी जिंकतो, आणि थोरली विचार करून सांगते तरी अर्ध्याच वेळी जिंकते, याचा तिला संताप.

एक करवंद लालही नाही आणि फिकंही नाही असं निघालं. भांडण पेटलं. तो म्हणे कोंबडा, ती म्हणे कोंबडी. दोघांनी ते अर्धं खाल्लेलं करवंद मावशीपुढे धरलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, वाकून नीट पाहिलं.

“मंग ते पिल्लू,” म्हणाली.

दोघांचं समाधान झालं. पण आता दोघांनाही फक्त पिल्लंच हवी होती, आणि पिल्लू शोधायचं तर करवंद चावावंच लागतं. पिल्लाच्या नादात दुसरा द्रोण संपला. मावशीने विचारायच्या आधीच तिसरा भरायला घेतला होता.