घाटातला गाडा

पौष पौर्णिमेला आंबेगाव तालुक्यातल्या नागापूरजवळच्या थापलिंग गडावर खंडोबाची यात्रा भरते. नवसाचे बैलगाडे चढणीला सुटतात, भंडाऱ्याने माणसं, बैल आणि वाट सगळं पिवळं होऊन जातं, आणि भोंग्यातून 'भिर्रर्र'ची आरोळी उठते. दहा-पंधरा सेकंदांत बारी आटोपते. तेवढ्या वेळात नजर पुढे धावणाऱ्या घोडीवर असते, खिल्लारांच्या पायांवर असते, निशाणावर असते. बैलांच्या मागे खडीवरून उसळत जाणाऱ्या लाकडावर ती क्वचितच ठरते.

निरगुडसर, रांजणी, नागापूर हा आंबेगावचा पूर्वेकडचा पट्टा. इथे आणि शेजारच्या जुन्नर-खेडमध्ये शर्यत 'घाटात' होते. घाट म्हणजे मुद्दाम राखलेली चढाची धाव. सातारा-सांगलीकडे छकड्याला दोन बैल आणि वर हाकणारा असतो. इकडे गाड्याला चार बैल: मागे धुरेला एक जोडी, पुढे जुकाटाला दुसरी. गाड्यावर माणूस नसतो. सर्वांच्या पुढे घोडीस्वार निघतो आणि बैल त्या घोडीच्या मागे झेपावतात.

या रीतीतूनच गाड्याची घडण ठरली. त्याला ना धान्याची पोती वाहायची असतात, ना ऊस. चार जनावरांची ओढ एका रेषेत बांधून ठेवायची आणि चढावर त्यांना जड व्हायचं नाही, एवढंच त्याचं काम. पण हलका करायचा म्हणून लाकूड फार तासलं, तर पहिल्याच दगडावर चाकाचा आरा निखळतो. जाडी राखली, तर वजन बैलांच्या खांद्यावर येतं. कुठे तासायचं आणि कुठे हात आवरायचा, याचा हिशेब सुतार आकडे न मांडता करत आला आहे.

चाकाचं काम सगळ्यात कसबाचं. मधला तुंबा, त्यात ठोकून बसवलेले आरे, आऱ्यांना जोडणारे पाटे आणि बाहेरून लोखंडी धाव. तुंब्या-आऱ्यांना बाभळीचं लाकूड लागतं. ते चिवट असतं, आघात सोसतं, आणि या भागात बांधाबांधावर मिळायचं. ओलं लाकूड चालत नाही. ते मुरावं लागतं, नाहीतर वाळताना आकसतं आणि सांधे सैल पडतात.

मग धाव चढवायची. लोखंडाचं कडं चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतात, शेणी-गोवऱ्यांच्या आगीत लाल होईस्तोवर तापवतात, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. एक मीटर व्यासाच्या चाकाची धाव पाचशे अंशांनी तापवली, तर तिचा घेर साधारण दोन सेंटिमीटर वाढतो. निवताना तेवढंच लोखंड परत आवळतं आणि पाटे, आरे, तुंबा एकमेकांत दाबून धरतं. या कामात सुताराबरोबर लोहारही लागतो. वेळ चुकली तर लाकूड जळतं, धाव सैल राहिली तर चाक खिळखिळं होतं.

असे गाडे काही वर्षं घाटाबाहेरच राहिले. केंद्र सरकारने जुलै २०११मध्ये प्रदर्शन आणि खेळासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या शर्यतींवरही बंदी घातली. त्यामागची कारणं खरी होती. चाबूक, टोचण्या, विजेचे झटके हे प्रकार घडत होते, आणि खेळावर जीव असणाऱ्यांनीही ते नाकारू नयेत. राज्याने २०१७मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण तीही न्यायालयात अडकली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि जनावराला इजा करणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

फेब्रुवारी २०२२मध्ये खेड तालुक्यातल्या निमगाव दावडीच्या घाटात खासदार अमोल कोल्हे यांनी बारीपुढे घोडी धरली. त्या दिवसाची चित्रं राज्यभर पाहिली गेली.

बंदी उठल्यावर बैल नव्याने तयार करता येतो. खुराक, पोहणी, सराव, आणि वर्ष-दोन वर्षांत नवा खोंड घाटाला उभा राहतो. पडवीत पडून राहिलेल्या लाकडाचं तसं नसतं. उन्हाळ्यामागून उन्हाळा गेला की पाटे आकसतात, आरे खुळखुळतात, धाव हाताने फिरायला लागते. तुंब्याला चीर गेली असेल तर ती आत कुठवर पोचली, हे चाक उकलल्याशिवाय कळत नाही. सैल चाक पाण्यात टाकून फुगवतात, पण तो तात्पुरता इलाज. पाणी आटलं की सांधा पुन्हा हलतो. खरी दुरुस्ती म्हणजे धाव काढायची, खराब आरा तेवढा बदलायचा, भोक नव्याने नीट करायचं, धाव थोडी कापून पुन्हा जोडायची आणि परत आगीतून चढवायची.

असं लाकूड जगात इतरत्रही जपलं जातं. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या जुन्या लाकडी होड्या दुरुस्त करून पुन्हा पाण्यात उतरवणाऱ्यांची संघटनाच आहे. फळ्यांची जुनी होडी कोरडी पडली की तिच्या फटीही अशाच उघडतात, आणि पाण्यात काही काळ राहिली की फळ्या फुगून त्या मिटतात. तिथे होडीचा आराखडा कुणी केला आणि ती कुणी बांधली, हे लिहून ठेवलेलं असतं. त्यामुळे साठ-सत्तर वर्षांनीही कुजलेली फळी मूळ मापाची घालता येते.

आंबेगावात ती मापं सुताराच्या हातात आहेत, कागदावर नाहीत. आणि ते हात कमी होत चालले आहेत. डिंभे धरणाचं पाणी कालव्यांतून आलं, ऊस वाढला, पारगावला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शेताला ही भरभराट हवीच होती. पण नांगरटीला ट्रॅक्टर आले, ओझ्याला रबरी चाकाची टायरगाडी आली, आणि लाकडी चाक बांधून घ्यायला येणारं गिऱ्हाईक संपलं. सुताराची पुढची पिढी दारं-खिडक्या, फर्निचर आणि प्लायवूडकडे वळली. बाभळीचा तुंबा कोरायचं काम आता उरलं असेल, तर ते मुख्यतः घाटासाठी.

म्हणूनच घाटावर एक गोष्ट व्हायला हवी, आणि ती अवघड नाही. बारी पुकारताना गाडामालकाचं आणि गावाचं नाव घेतलं जातं, नामांकित बैलांची नावं तर सगळ्या तालुक्याला पाठ असतात. त्याच भोंग्यावरून गाडा बांधणाऱ्या सुताराचं नावही घ्यावं. यात्रा समित्यांनी बक्षिसांच्या यादीत उत्तम बांधणीच्या गाड्यासाठी एक बक्षीस ठेवावं. आणि तालुक्यातल्या आयटीआयच्या मुलांनी एखाद्या जुन्या कारागिरासमोर बसून तुंब्याची जाडी, आऱ्यांचा कल, धुरेची लांबी टेपने मोजून वहीत उतरवावी. चाक उकलणारा आणि पुन्हा बांधणारा माणूस अजून गावात आहे, तोवर हे काम एका उन्हाळ्यात होण्यासारखं आहे.