मोटेचा जुना नाडा



आपल्यापैकी बरेच जण ताप्ती व्हॅलीच्या गाडीत बसून इकडे आले. कुणी दोंडाईचा-नंदुरबारहून, कुणी धरणगाव-अमळनेरहून. मीही त्यातलाच. गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. बँकेच्या नोकरीने गुजरातेत आणलं आणि १९८० पासून उधन्यालाच राहिलो. इथे सगळे आपापल्या गावच्या आठवणी लिहितात, त्या मी आवडीने वाचतो. आज माझी एक लिहितो. फार गोड नाही, पण लिहायची राहिली होती.

गेल्या सप्टेंबरात एका रविवारी सकाळी चहा घेऊन हिंचक्यावर बसलो होतो. (सुरतेत राहून आपण झोपाळ्याला हिंचकाच म्हणायला लागलो.) तेवढ्यात अमेरिकेतून पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. हा माझ्या थोरल्या भावाचा, दादांचा मुलगा. पेनसिल्व्हेनियात असतो. म्हणाला, "काका, तुम्हाला एक वस्तू दाखवतो. आपल्या शेतातल्या माळ्यासारखी आहे."

बघतो तर लोखंडी जाळीची एक छोटी फळी, तिला घडीची बैठक आणि मागे दांडा. त्या दांड्याला पट्टा. झाडाच्या बुंध्याभोवती पट्टा आवळायचा की फळी झाडाला लटकून राहते. त्याला म्हणतात 'हँग-ऑन ट्रीस्टँड'. पाठीवर टाकून जंगलात न्यायची, झाडाला लावायची, वर बसून हरणाची वाट बघायची. ऑफिसातला एक जण दरवर्षी शिकारीला जातो, त्याच्या नादाने यानेही रीतसर शिक्षणवर्ग करून परवाना काढला होता. मी म्हटलं, "अरे, हरणं मारतोस? तुझ्या आईला कळलं तर फोनवर बोलायची नाही." तो हसला. तिकडे लांडगे केव्हाच संपवले, त्यामुळे पांढऱ्या शेपटीची हरणं एवढी वाढतात की रोज कुणाच्या ना कुणाच्या गाडीखाली येतात, म्हणून सरकारच परवाने देऊन संख्या आवरतं, असं त्याने सांगितलं.

आपल्याकडे ही गोष्ट कधीच इतिहासजमा झाली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला परवानाच उरला नाही. आता आपल्या जंगलात मचाणावर बसायचं ते बुद्धपौर्णिमेच्या रात्री, पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजायला. पण माझ्या लहानपणी माळा म्हणजे चैन नव्हती. भुईमूग-ज्वारीत रानडुकरं, हरणं, रोही शिरायचे आणि एका रात्रीत वाफेच्या वाफे साफ करायचे. म्हणून जागल. माळ्यावर एक माणूस, हाताशी गोफण, पत्र्याचा डबा आणि कंदील. गावात एकाकडे ठासणीची बंदूक होती, तो कधीमधी येऊन बसायचा. बाकी रात्र ओरडण्यातच जायची.

पुतण्याने मला कामाचेच प्रश्न विचारले. झाड कोणतं घ्यावं? किती उंच बसावं? मी मला माहीत होतं ते सांगितलं, आणि त्याने वर्गात शिकलेलं सांगितलं. गंमत म्हणजे दोन्हींत फारसा फरक नव्हता. झाड जिवंत हवं, सरळ हवं, वर वाळलेली फांदी नको. फार बारीक झाड वाऱ्याने हलतं, फार जाड असलं तर पट्टा पुरत नाही. उंची पंधरा ते वीस फूट. त्याहून वर गेलं म्हणजे शिकार जास्त मिळते असं नाही, पडलं तर लागतं मात्र जास्त. वारा जनावराकडून आपल्याकडे यायला हवा, कारण हरीण डोळ्यांआधी नाकाने माणूस ओळखतं. पाठीशी बुंधा किंवा दाट फांद्या हव्यात, म्हणजे आकाशावर आपली आकृती उठून दिसत नाही. आणि सरकारी शिकारजमिनीवर झाडाला खिळा किंवा स्क्रू मारायचा नाही, पट्ट्यानेच बांधायचं.

मग तो म्हणाला, "काका, हे मी ऑफिसातल्या माणसाकडून जुनं घेतलं, चाळीस डॉलरला. फळी एकदम मस्त आहे, तीनशे पौंडांपर्यंत वजन पेलते. पट्टे थोडे फिके झालेत, पण जाड आहेत. चालतील ना? नवे घ्यायचे तर अजून पंचवीस-तीस डॉलर."

'जाड आहेत, चालतील.' माझ्या हातातला चहा तसाच राहिला. हेच शब्द मी ५५ वर्षांपूर्वी बोललो होतो.

१९७० साल. मी जळगावला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीच्या सुट्टीआधी चार दिवस घरी आलो होतो. कोजागिरी नुकतीच झाली होती, भुईमूग काढणीला आला होता आणि माळा बांधायचा होता. आमच्याकडे एक पावरा सालदार होता. आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो, पण अरेतुरेच करायचो, तेव्हा तसंच होतं. मामा डोंगरातला माणूस, झाडं त्याच्याइतकी कुणाला कळत नसत. त्याने शेताच्या दक्षिणेच्या बांधावरचं मोहाचं झाड धरलं. कुऱ्हाडीच्या तुंब्याने बुंधा ठोकून आवाज ऐकला, पोकळ नाही याची खात्री केली. दक्षिणेचंच झाड का, तर रात्री डोंगरावरून वारा खाली शेताकडे उतरतो आणि जनावरंही तिकडूनच येतात. म्हणजे त्यांचा वास आपल्याकडे, आपला त्यांच्याकडे नाही. हे मला तेव्हा त्याने सांगितलं, आणि परवा मी ते पेनसिल्व्हेनियाला पाठवलं.

आप्पांनी मला पाच रुपये दिले आणि चोपड्याच्या बाजारातून अंबाडीचा नवा दोर आणायला सांगितलं. मी आधी धान्याच्या खोलीत डोकावलो. तिथे खुंटीला मोटेचा जुना नाडा टांगलेला होता. विहिरीवर इंजिन बसल्यापासून मोट बंद होती. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : भरलेली चामड्याची मोट विहिरीतून वर ओढायची ती या नाड्याने, म्हणून तो मनगटाएवढा जाड असायचा. मला वाटलं, एवढी मोट ओढणारा दोर एका माणसाला काय भिणार! जाड आहे, चालेल. मी पाच रुपये आप्पांना परत दिले. आप्पा चारचौघांत म्हणाले, "पोरगं शिकलं ते कामाला आलं."

मामाने नाडा हातात घेतला, पीळ थोडा उलगडून बघितला आणि मला म्हणाला, "दोर जुना शे भाऊ, नवा लई या." मी म्हटलं, "तू बांध." त्याने बांधला. दोन फांद्यांच्या बेचक्यांत दोन बल्ल्या, त्यावर बांबू, वर पऱ्हाट्या आणि कडबा. चार ठिकाणी नाड्याचे फेरे.

तिसऱ्या रात्री जागलीला दादा गेले होते. मध्यरात्रीनंतर एका कोपऱ्याचा दोर तुटला, माळा तिरका झाला आणि दादा खाली बांधावर पडले. पडताना माळ्याच्या वजनाने एक फांदीही मोडली. आम्ही कंदील घेऊन धावलो. मांडीचं हाड मोडलं होतं. बैलगाडीतून चोपड्याला, तिथून जळगावला नेलं. दोन महिन्यांनी दादा चालायला लागले ते एक पाय आखूड घेऊनच. पोलीस भरतीची तयारी करत होते, ती तिथेच संपली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी एकटा झाडाखाली गेलो. तुटलेलं टोक हातात घेतलं. बाहेरून नाडा पिवळसर, घट्ट. आत मात्र काळा, चोळला तर तपकिरीसारखा भुगा. वर्षानुवर्षं पाण्यात भिजून, मग वर्षानुवर्षं खुंटीला वाळून तो आतून कधीच संपला होता. आम्ही कॉमर्सवाले घसाऱ्याचा तक्ता पाठ करतो. यंत्र वापरलं नाही तरी त्याची किंमत दरवर्षी कमी होते, हे मी त्याच वर्षी शिकत होतो. नाड्याचा घसारा धरायचं मात्र सुचलं नाही. ते तुकडे मी विहिरीत टाकले.

लोक जमले तेव्हा त्यांना मोडलेली फांदी दिसली. आप्पा म्हणाले, "झाड चुकीचं धरलं." मामा एकदाच म्हणाला, "दोर..." आणि माझ्याकडे बघून थांबला. मी खाली मान घातली. सालदाराचं साल आखाजीला सुरू होतं आणि आखाजीलाच संपतं. आप्पांनी त्याला तोवरही ठेवलं नाही. अर्ध्या सालाचा हिशोब केला, त्यातून उचल वजा केली आणि उरलेलं थोडं धान्य दिलं. तो बायको-पोरांसह सेंधव्याकडे गेला असं नंतर कळलं. दोनच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला. त्या वर्षी त्याच्या घरी काय शिजलं असेल, याचा विचार मी आजवर अनेकदा केला आहे.

पुढे बारडोलीच्या बाजूला बदली झाली. दर हिवाळ्यात तिकडच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला डांगातून, खान्देशातून टोळ्या येतात. शेताच्या कडेला पाचटाची पालं पडतात. कर्जाच्या पाहणीला जाताना मी त्या पालांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे बघायचो. वाटायचं, यात मामा असला तर? आणि असला तर मी गाडी थांबवीन का? तो कधी दिसला नाही, म्हणून या प्रश्नाचं उत्तर मला द्यावं लागलं नाही.

हे सगळं मी त्या दिवशी पुतण्याला सांगितलं. त्याला लहानपणापासून एवढंच माहीत होतं की फांदी मोडली म्हणून पप्पा लंगडतात. तो बराच वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "काका, नवे पट्टे मागवतो." मी म्हटलं, मागव, आणि जुने कापून टाक, म्हणजे दुसरं कुणी वापरणार नाही. मग त्यानेच मला पुढचं समजावलं. उन्हापावसात पट्ट्याचे धागे विरतात, ते वरून कळत नाही. पट्टा वर्षभर झाडावर ठेवला तर झाड जाड होतं आणि तो ताणला जातो. म्हणून हंगाम संपला की काढून घरात ठेवायचा. नुसत्या फळीवर तर बसायचंच नाही. छाती-मांड्यांना बांधायचा पूर्ण हार्नेस घालायचा, त्याची दोरी जमिनीवर असल्यापासून झाडाला अडकवलेली हवी, कारण माणसं जास्त करून चढता-उतरतानाच पडतात. हार्नेसमध्ये लटकून राहिलं तर पायांतलं रक्त अडतं, म्हणून पाय टेकवायला एक पट्टा खिशात ठेवायचा. आणि रिकामी केलेली बंदूक मागून दोरीने वर ओढून घ्यायची. मी म्हटलं, अगोदर हे सगळं घे, मग उरलेल्या पैशात फळी कोणती ते बघ.

त्याच संध्याकाळी गावाला दादांना फोन लावला. दादा आता ७९ वर्षांचे आहेत. नाडा, पाच रुपये, विहिरीत टाकलेले तुकडे, सगळं सांगितलं. पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, तो त्यांनी बंद केला. म्हणाले, "माझ्या पायाचं सोड. माझं सगळं झालं, लग्न झालं, शेती झाली. पण आप्पा होते तोवर एकदा बोलला असतास, तर मामाला परत आणलं असतं."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं. शेवटी तेच म्हणाले, "जेवलास का?"

आप्पा १९८६ साली गेले. म्हणजे खरं सांगायला मला सोळा वर्षं मिळाली होती.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी तिकडे बंदुकीचा हंगाम सुरू झाला, तेव्हा पुतण्याने फोटो पाठवला. ओकचं झाड, नवे कोरे काळे पट्टे, अंगावर केशरी जाकीट आणि हार्नेस. हरीण दिसलं नाही, थंडीने मात्र गोठलो, असं खाली लिहिलं होतं. मी तो फोटो दादांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "पट्टे चांगले दिसतात."

मंडळी, मी आमच्या हिंचक्याचे हूक आणि कड्या परवाच माणूस बोलावून बदलून घेतल्या. बायको म्हणाली, चांगल्या तर दिसत होत्या. तुमच्याकडेही हिंचका असेल, पाळणा असेल, गच्चीवर टाकीला बांधलेला जुना दोर असेल. एकदा पीळ उलगडून आत बघा. आणि घरात काम करणाऱ्या एखाद्याने "हे बदला" म्हटलं, तर ऐका. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असतं, आणि चुकलं तर भरपाई त्याच्याकडूनच जाते.