भिशीच्या पैशांतला ओव्हन

घरातली कोणती वस्तू बिघडल्यावर किती दिवसांत दुरुस्त होते, हे एकदा मोजून पाहा. फ्रिज बंद पडला तर त्याच दिवशी फोन जातो. पाण्याचा पंप बिघडला तर घर डोक्यावर घेतलं जातं. मिक्सर फार तर दोन दिवस थांबतो. ओव्हन मात्र आठवडेच्या आठवडे तसाच पडून राहतो आणि हळूहळू त्याच्यावर रद्दी साठायला लागते.

आमच्याकडचा ओव्हन वर्षभरात तीनदा बिघडला. पहिल्यांदा तो १८ दिवस बंद होता, दुसऱ्यांदा १२ दिवस. हे आकडे माझे नाहीत. माझ्या सासूबाईंच्या हिशेबाच्या वहीत लिहिलेले आहेत.

आम्ही इंदूरला राहतो. तीन वर्षांपूर्वी आईंची भिशी लागली. सगळ्यांना वाटलं, कानातलं वगैरे घेतील. त्यांनी ३० लिटरचा ओटीजी घेतला. आधी नातीच्या डब्यासाठी नानखटाई झाली, मग शेजारी गेली, मग शेजाऱ्यांच्या पाहुण्यांनी मागितली. पहिल्याच दिवाळीत २० किलोची ऑर्डर आली. आता नानखटाई, कणकेची बिस्किटं आणि बिनअंड्याचा मावा केक असं आठवड्यातले पाच दिवस चालतं. पैसे आईंच्या स्वतःच्या खात्यात जमा होतात. मागच्या वर्षी त्यांनी त्यातून चष्मा केला आणि दुकानात मुलाला पाकीट काढू दिलं नाही.

ओटीजी हे तसं साधं यंत्र. वर-खाली तापणारे रॉड, उष्णता सांभाळणारा थर्मोस्टॅट आणि एक टायमर. रॉडच्या नळीत नायक्रोमची बारीक तार असते. ती कुठेतरी तुटली की तो रॉड गार. पहिल्या वेळी खालचा रॉड असाच गेला. केक वरून छान बदामी आणि तळाशी कच्चा. आईंना आधी वाटलं, बेकिंग पावडर जुनी असेल. त्यांनी नवी आणून पुन्हा केला, तरी तेच. मग ओव्हन रिकामाच चालू केला आणि दारातून पाहिलं तर वरचा रॉड लाल आणि खालचा काळाच.

दुसऱ्या वेळी थर्मोस्टॅट. त्यात दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते आणि वीज तोडते. थंड झाली की सरळ होते आणि पुन्हा जोडते. भट्टीजवळ बसून जाळ कमी-जास्त करणाऱ्या माणसाचं काम ती करते. तिचे सांधे चिकटले, वीज तुटेना आणि दोन किलो नानखटाईचा कोळसा झाला. आईंनी तो कोळसा टाकण्याआधी वहीत खर्चाच्या बाजूला लिहिला.

तिसऱ्या वेळी ओव्हन पूर्ण बंद. सोबत जळक्या प्लास्टिकचा वास. आणि दुसऱ्या दिवशी एका साखरपुड्याची सहा किलोची ऑर्डर.

आईंचं माहेर पुण्याचं. त्यांच्या लहानपणी घरोघरी ओव्हन नव्हते. दिवाळीच्या आधी मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून बेकरीत जायचं, नंबर लावायचा आणि आपल्यासमोर आपली नानखटाई भाजून घ्यायची. त्या आठवणीवर त्यांनी घरीच पीठ मळलं, गोळे वळले आणि मला घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या बेकरीत गेल्या. बेकरीवाल्यांनी आधी नवलानं पाहिलं, मग पाव निघाल्यावर उतरत्या भट्टीत ट्रे लावून दिले. ऑर्डर वेळेवर गेली. त्या दिवशी नफा जवळजवळ काहीच उरला नाही.

त्या रात्री जेवताना माझा नवरा म्हणाला, "आई, आता पुरे कर ना. किती वेळा दुरुस्त करायचा? हौस म्हणून ठीक होतं, पण त्रास कशाला करून घेतेस?"

तो प्रेमानंच बोलला होता. आईंनी आमटी वाढली आणि शांतपणे म्हणाल्या, "मिक्सर बिघडला की तू ऑफिसातून येताना दुकानात टाकतोस. कारण चटणी तुम्हा सगळ्यांना लागते. ओव्हन फक्त मला लागतो."

कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मेकॅनिकला फोन गेला.

या वेळी आलेले मेकॅनिक वयस्क होते. त्यांनी ओव्हनला हात लावायच्या आधी विचारलं, तो रोज किती तास चालतो? आईंनी वही उघडून दाखवली. पाच दिवस, रोज तीन ते चार तास. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, "माताजी, ये तो घर का ओव्हन है. आप इससे दुकान का काम ले रही हैं."

दोन्ही बिघाडांची गोष्ट त्या वाक्यात होती. आठवड्याला एखादा केक करण्यासाठी बनवलेलं यंत्र रोज चार तास राबत होतं. त्याचा रॉड लवकर जाणार, थर्मोस्टॅट लवकर झिजणार. ओव्हन खराब निघाला असं आम्ही वर्षभर म्हणत होतो. तो खरं तर काम करून थकत होता. आणि आईंच्या कामाला काम म्हणणारा आमच्या घरातला पहिला माणूस बाहेरचा निघाला.

तिसऱ्या बिघाडाचं कारण भिंतीवर होतं. ओव्हन १६०० वॅटचा. २३० व्होल्टला तो सुमारे ७ अँपिअर वीज ओढतो. त्याचा जाड पिनांचा प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी असतो. आमच्या ओट्यावर ६ अँपिअरचंच सॉकेट, म्हणून मध्ये कन्व्हर्टर लावलेला. तासन्तास तापून कन्व्हर्टर वितळला होता आणि प्लगच्या पिना काळ्या पडल्या होत्या. प्लग आणि वायर बदलल्यावर ओव्हन चालू झाला. मेकॅनिकनी बजावलं, वेगळ्या जाड वायरचा १६ अँपिअरचा पॉइंट घेतल्याशिवाय पुन्हा लावू नका. हॉलमधल्या एसीला असा पॉइंट एसी यायच्या आदल्या दिवशीच मिळाला होता. ओव्हनला तो तीन वर्षांनी मिळाला.

तुमच्याही घरी कुणी ओव्हनवर चार पैसे मिळवत असेल, तर काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ओव्हन चालू असताना प्लगला किंवा सॉकेटला चटका बसेल इतकी ऊब जाणवली तर लगेच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. वॉरंटीचं कार्ड नीट वाचा. बऱ्याच कंपन्या फक्त घरगुती वापरालाच वॉरंटी देतात. वॉरंटीत असूनही कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आणि मायक्रोवेव्ह घरी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठलेली असू शकते.

आईंनी मात्र या सगळ्यातून वेगळाच धडा घेतला. त्यांनी वहीत नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'ओव्हन'. भाजलेल्या प्रत्येक ट्रेमागे दहा रुपये त्यात जातात. रॉडसाठी, थर्मोस्टॅटसाठी आणि कधीतरी घ्यायच्या मोठ्या ओव्हनसाठी. त्यासाठी नानखटाईचा भाव किलोमागे ४० रुपयांनी वाढवला. मी म्हटलं, "आई, गिऱ्हाईक कुरकुर करेल."

"करू दे," त्या म्हणाल्या. "आजवर तूप, साखर, मैदा सगळ्याचे पैसे लावत होते. ओव्हनची झीज आणि माझे हात तेवढे फुकट जात होते. ओव्हनचे आता लावले. हातांचे दिवाळीपासून लावणार आहे."